जीवरामभाऊ पाण्यात जातात

नाव पूर्ण फुगली तेव्हा तिचं एक टोक टीव्हीच्या टेबलाला टेकलं होतं आणि दुसरं स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरलं होतं. मंदाबाईंना कणकेचा डबा हवा होता. डबा नावेच्या पलीकडे होता आणि त्या अलीकडे.

"आहो, हे काय आणलं तुम्ही?"

"कयाक म्हणतात याला," पंपाची नळी काढत जीवरामभाऊ म्हणाले. "रविवारी हतनूरच्या बॅकवॉटरला जातो. एकटाच."

"एकटे कायले? समाधानले घ्या की संगे."

"कोणी नको. एक दिवस मला कोणी काही विचारू नये, एवढंच पाहिजे."

मंदाबाईंनी पदर खोचला, नाव ओलांडली आणि डबा घेतला.

जीवराम भंगाळे यांची सगळी नोकरी भुसावळ स्टेशनच्या चौकशी खिडकीत गेली होती. गाडी कुठे आहे, कधी येईल, का आली नाही, असं जग त्यांना विचारत राहिलं आणि ते सांगत राहिले. खिडकीतल्या माणसाने 'माहीत नाही' असं कधी म्हणू नये, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. पक्की माहिती नसली की ते शांतपणे "अर्धा तास" म्हणत. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण प्रश्न सुटले नाहीत. कॉलनीतले लोक त्यांना रस्त्यात गाठून गाड्या विचारत, लग्नाच्या पंगतीत विचारत, आणि एकदा तर स्मशानात, अग्नी दिल्यावर, एकाने खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं होतं, "सचखंड आज टायमावर आहे का हो?"

रविवारी सकाळी शेजारच्या हितेंद्रने गाडीतून त्यांना समाधानच्या मळ्यात सोडलं. समाधान हा मंदाबाईंचा धाकटा भाऊ. त्याची केळी थेट बॅकवॉटरच्या काठापर्यंत गेलेली. त्याने नाव पाण्यात उतरवायला मदत केली, लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले आणि डोकं खाजवलं.

"भाऊजी, मी येतो ना संगे. तठी आत सारखंच दिसते सगळं."

"दुपारी जेवायला परत येतो," जीवरामभाऊ म्हणाले. स्मार्टफोन त्यांनी मुद्दाम घरीच ठेवला होता. खिशात होता तो बटणांचा जुना मोबाइल, तोही मंदाबाईंनी बळेच दिलेला.

पहिला तासभर फार सुखात गेला. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, पाणी काचेसारखं. अर्ध्या बुडालेल्या बाभळींवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. जीवरामभाऊंनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसते बसून राहिले. कोणी काही विचारलं नाही. एक पाणकावळा त्यांच्याकडे वळून बघत होता, पण त्यालाही कुठल्या गाडीची चौकशी नव्हती. जीवरामभाऊंना हसू आलं, आणि मग कोण जाणे का, डोळे थोडे भरून आले.

मधेच वारा सुटला असावा. त्यांचं लक्ष गेलं तेव्हा ते एका अरुंद फाट्यात शिरले होते. मागे वळून पाहिलं तर आलेली वाट जलपर्णीने बुजली होती. ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडले. समोर केळी. डावीकडे केळी. उजवीकडे बेट, त्यावर बाभळी, आणि बेटाच्या मागे पुन्हा केळी. काठाला शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी, पाण्यात उतरलेले काळे पाइप, आणि रविवार असो नसो, नेमकी त्या वेळी वीज गेलेली असल्याने माणूस एकही नाही.

फोन वाजला.

"कुठी पोचले?" मंदाबाईंनी विचारलं.

जीवरामभाऊंनी चारी दिशांना पाहिलं. मग त्यांच्या तोंडून खिडकीतल्या आवाजात उत्तर आलं, "चांगदेवच्या देवळासमोर आहे. अर्ध्या तासात निघतो."

मंदाबाईंनी लगेच समाधानला कळवलं. समाधान भरिताचा डबा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन मोटारसायकलवर चांगदेवच्या घाटावर गेला. तिथे नदीत उतरलेले चार भाविक होते, भाऊजी नव्हते. त्याने फोन लावला.

"अरे, तिथून केव्हाच निघालो मी," जीवरामभाऊ म्हणाले. त्या वेळी ते वल्ह्याने एका पाइपाच्या वेटोळ्यातून नाव सोडवत होते. "आता ऐनपूरच्या बाजूला आहे."

ऐनपूरला समाधानचा साडू होता. निरोप मिळताच तो शेतातली दोन माणसं घेऊन काठावर गेला. त्यांनी हाका मारल्या, उपरणं हलवलं, शेवटी पाण्यावर तरंगणारी एक प्लास्टिकची घागर तेवढी ओढून आणली. ही घागर पाहुण्यांचीच असावी असं एकाला वाटलं. पाहुणे घागरीवर बसून गेले होते की नावेत, यावर थोडी चर्चा झाली. घागरीचा फोटो काढून कोणीतरी पुढे पाठवला.

दुपार कलली. जीवरामभाऊंचं पाणी संपलं होतं, हातांना फोड आले होते, आणि तीच बाभळ त्यांना पुन्हा भेटली होती. बाभळीवरचे पाणकावळे मात्र उडून गेले होते. आता कोणीतरी काहीतरी विचारावं असं त्यांना फार वाटू लागलं.

फोन वाजला. मंदाबाई हितेंद्रच्या गाडीतून निघाल्या होत्या, आणि त्यांच्या मांडीवर जीवरामभाऊंचा स्मार्टफोन होता.

"आहो, तुमच्या रिटायर लोकांच्या ग्रुपवर तुम्हाले श्रद्धांजली देऊ राह्यले. घागरीचा फोटो टाकेल आहे."

"कोणी?"

"वारकेंनी पहिली टाकली. मग सगळ्यांनी हात जोडले. एकाने विचारलं, अंत्यविधी किती वाजता."

"वारकेला पहिल्यापासून घाई फार," जीवरामभाऊ म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

"ते जाऊ द्या. तुम्ही कुठी आहे ते सांगा."

जीवरामभाऊंनी तोंड उघडलं. 'अर्धा तास' हे शब्द जिभेवर तयार होते. पलीकडे मंदाबाईंच्या श्वासाचा आवाज येत होता. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या अशाच नाकातून श्वास घेत, हे त्यांना आज पहिल्यांदा ऐकू आलं.

"मंदा," ते म्हणाले, "मला माहीत नाही."

पलीकडे हितेंद्रच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"ऐकू आलं का? मी हरवलोय. सकाळपासून हरवलोय. देवळासमोर नव्हतो, ऐनपूरलाही नव्हतो. मी कुठे आहे ते मला अजिबात माहीत नाही."

"बरं झालं बाप्पा," मंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "आता सापडसान. हलू नका तठून."

त्यानंतर त्यांनी समाधानला सांगितलं की गावच्या मंदिराच्या भोंग्यावरून हाक मार, म्हणजे आवाजाच्या दिशेने ते येतील. कल्पना चांगली होती. समाधानने माइक हातात घेतला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "भुसावळचे आमचे भाऊजी जीवराम भंगाळे पान्यात हरवले आहेत. भाऊजी, आवाजाकडे या!"

दूरवरून आपलंच नाव ऐकून जीवरामभाऊंच्या अंगावर काटा आला. ते जोराने वल्हवू लागले. पण तोवर ऐनपूरच्या साडूनेही तीच युक्ती केली होती. निंबोलच्या लोकांनी ऐकलं, तेही मागे राहिले नाहीत. थोड्याच वेळात चारी बाजूंनी "भाऊजी, इकडे या" अशा हाका येऊ लागल्या. नाव आधी पूर्वेला गेली, मग उत्तरेला, आणि मग जागच्या जागी गोल फिरू लागली. उभ्या आयुष्यात त्यांना एवढ्या गावांनी भाऊजी म्हटलं नव्हतं.

शेवटी त्यांनीच फोन केला. "मंदा, सगळ्यांना गप्प कर. एका वेळी एकच गाव बोलू दे."

मंदाबाई तोवर काठावर पोचल्या होत्या. त्यांनी फोनाफोनी करून सगळ्यांना गप्प केलं आणि मग एकेका गावाला बोलायला लावलं. "आता निंबोल. कसं येऊ राह्यलं?"

"बारीक."

"ऐनपूर?"

"त्याहून बारीक."

"आता आपला समाधान."

"हां, हा मोठा आहे. मागच्या बाजूने येतोय."

"मंग तोंड फिरवा आन् या."

समाधानचा घसा बसला तेव्हा गावातल्या बेबाबाईंनी माइक घेतला आणि अभंग सुरू केला. त्या अभंगाच्या मागोमाग जीवरामभाऊ बेट ओलांडून आले. मळ्यापासून ते फार लांब नव्हतेच. नुसत्या दोन केळीच्या बागा आड होत्या. काठावर अर्धं गाव जमलं होतं. त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, पाणी पाजलं, भाकरी हातात दिली. सगळे एकदमच विचारत होते, कसे हरवले, कुठे गेले, भीती वाटली का. प्रत्येक प्रश्नाला जीवरामभाऊ तोंडात घास ठेवून म्हणत, "माहीत नाही बुवा." असं म्हणताना ते इतके खूश दिसत होते की उन्हाचा परिणाम झाला असेल, असं ऐनपूरहून येऊन पोचलेल्या साडूने हळूच समाधानला सांगितलं.

मंदाबाई काठाशी लागलेल्या नावेकडे पाहत होत्या.

"तठी आत कसं वाटते?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

जीवरामभाऊंनी विचार केला. "पहिला तासभर," ते म्हणाले, "फार चांगलं वाटतं."

"कोनी काही विचारत नाही?"

"कोणीच नाही."

मंदाबाईंनी चपला काढल्या. "ते जाकीट द्या इकडे."

"अक्का, काही काय!" समाधान ओरडला. पण तोवर त्या नावेत बसल्या होत्या. शेवटी समाधानने मोटारीची नायलॉनची दोरी आणून नावेच्या कडीला बांधली आणि दुसरं टोक जीवरामभाऊंच्या हातात दिलं. मंदाबाईंनी वल्हं दोनदा उलटं आणि एकदा सुलटं मारलं. नाव डुलत डुलत निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सूचना केल्या, मग चहा आला तसे तिकडे वळले.

नाव बाभळींच्या रांगेपर्यंत गेली. मंदाबाईंनी वल्हं मांडीवर ठेवलं. काठाकडे त्यांची पाठ होती. ऊन तिरपं झालं होतं आणि पाण्यावर तांबूस पट्टे पडले होते. त्या हलत नव्हत्या. स्वयंपाकघरात, दाराशी, पंगतीत जीवरामभाऊंनी त्यांना कायम काही ना काही करतानाच पाहिलं होतं. अशी नुसती बसलेली पाठ त्यांच्या ओळखीची नव्हती.

"लय वेळ झाला, भाऊजी," समाधान बसलेल्या घशाने म्हणाला. "हाक मारू का तिले?"

"नको."

हातातली दोरी आता ताणली गेली होती. तिचं शेवटचं वेटोळंही सुटलं होतं. जीवरामभाऊ चपलांसकट गुडघाभर पाण्यात उतरले, आणखी एक पाऊल पुढे गेले, आणि मागे न बघता हळूच म्हणाले,

"समाधान, अजून दोरी आहे का रे घरात?"