सातव्या प्रकरणातला हत्ती

आपल्या कादंबरीच्या पहिल्या परीक्षणाची दवंडी पिटणारा लेखक तुम्ही पाहिलाय? माझ्या शेजारीच राहतो.

मुरूमच्या भर बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी हलगी कडाडली आणि निवृत्त इतिहास-शिक्षक दिगंबर गुरुजींनी मोबाईल हातभर लांब धरला. "ऐका हो ऐका! पुस्तक अजून छापखान्यात हाय, पर पुण्याच्या समीक्षकानं आधीच वाचलंय! 'अचाट' म्हणतोय!"

"गुरुजी, कांदे घेताव का?"

"इतिहासाला घाई न्हाय! कांद्याचं मागनं बघू."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बस चुकली तरी हेच, दूध उतू गेलं तरी हेच.

कादंबरी खरंच अचाट आहे. नळदुर्गचा किल्ला रोज उठून बोरी नदीवर पाणी प्यायला जातो आणि सुलतानाची फौज किल्ला शोधत हिंडते. बुरुजावरचा हत्ती ढगात चरायला जातो. ऐकल्यापासून मी नळदुर्गवरून जाताना किल्ला जागेवर आहे ना, हे आधी बघतो.

परीक्षणात एकच काटा होता. गुरुजींनी तोही वाचला, फक्त आवाज खाली आणून. "ढगात गेलेला हत्ती सातव्या प्रकरणानंतर परतत नाही. लेखक त्याला विसरला." प्रकाशकानं तेवढ्यासाठी छपाई थांबवली होती.

"चार ओळी लिहा आणि उतरवा खाली," मी म्हणालो.

"माझा असता तर उतरवला असता. हत्ती अक्काचा हाय."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या फटफटीवरून आम्ही अणदूर गाठलं. जेवणं झाल्यावर गुरुजींनी तिला सगळं परीक्षण वाचून दाखवलं.

अक्का शेंगा फोडत म्हणाली, "हत्ती परत कसा येईल? ल्हानपणी गोष्ट ऐकताना दर बारीला तू तिथंच झोपायचास, दिगू. मग म्या बी थांबायचे."

"आज न्हाय झोपत. सांग."

अक्कानं पार किल्ल्यापासून सुरुवात केली. गुरुजी आधी भिंतीला टेकले, मग कलले, मग तिच्या गुडघ्याशी आडवे झाले. हत्ती ढगात शिरला आणि इकडं गुरुजी घोरायला लागले.

अक्का थांबली.

तेवढ्यात गुरुजींचा फोन वाजला. प्रकाशक. मी दबक्या आवाजात "इतिहासाला घाई नाही" म्हणालो आणि बंद केला. पण मला कुठला धीर!

"अक्का, पुढं काय झालं?"

तिनं पदरानं त्यांच्या तोंडावरची माशी हाकलली.

"उठू दे की त्याला."