सरनोबत जिवाजी यांनी शिरटोपातील आज्ञा मोडली त्याची हकीकत

श्री मैदानवासिनी साक्षी. ज्याने खेळ उत्पन्न केला आणि जीत व हार एकाच पदरात बांधून दिली त्यास दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, माघमासी, महासागरापलीकडील एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. दरबारातून आम्हांस आज्ञा आली की, फत्ते कारभारी त्रिंबकपंत यांच्या मसलतीने जाहली ऐसे लिहावे. ऐसे आम्ही लिहीत नाही. डोळ्यांनी पाहिले ते लिहितो. ज्यास रुचेल त्याने वाचावे, न रुचेल त्याने आपल्या घरी स्वस्थ बसावे.

त्या राज्यातील लोक शेती, व्यापार, लग्नकार्य सर्व करितात, परंतु जीव त्यांचा एका चामडी चेंडूत. चेंडू गोल नाही, मृदंगासारखा दोन्ही टोकांस निमुळता, आणि खेळास फुटबॉल म्हणतात. वास्तविक पाय लावण्याचा प्रसंग क्वचित, सारे काम हाताचे. पण त्यांस हे कोणी सांगू नये, राग येतो. अकरा गडी इकडे, अकरा तिकडे, आणि चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडावी म्हणजे सहा गुण, आणि ते न साधले तर लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून घालवावा म्हणजे तीन. पुढे पाच धिप्पाड गड्यांची भिंत आणि भिंतीमागे एक पुरुष उभा, त्यास ते क्वार्टरबॅक म्हणतात, आम्ही सरनोबत लिहितो. चेंडू त्याच्या हाती येतो आणि मग कोणाकडे फेकावा, कोणाच्या हाती द्यावा, हे त्याने ठरवावे. प्रत्येक चढाईपूर्वी गडी कोंडाळे करितात, आणि कोंडाळ्यात रिवाज ऐसा की सरनोबत एकटा बोलेल, बाकीच्यांनी ऐकावे. त्याच्या शिरटोपात यंत्र बसविलेले असते, त्यातून कारभारी बाहेर उभे राहून त्याच्या कानात मसलत सांगतात. परंतु कायदा ऐसा की चढाईची वेळ अगदी जवळ आली की यंत्र आपोआप मुके होते, आणि मग सरनोबत आहे आणि त्याचे नशीब आहे.

या राज्याचे सरनोबत उदाजी ढमढेरे. दांडगा माणूस, आणि तोंड तर विचारू नये. चेंडू कोणाच्या हातून निसटला की शिव्यांचा पट्टा सुरू, शिरटोप बाकावर आपटावा, पाण्याचे पिंप लाथेने उलथे करावे, आणि दुसऱ्या क्षणी त्याच गड्यास मिठी मारून म्हणावे, "चल रे लेका, आता दाखव त्यांना." गडी त्यांच्यावर जीव टाकीत. रयत तर वेडी जाहली होती. पोरे गल्लीत खेळताना आधी शिरटोप आपटण्यास शिकत, मग चेंडू झेलण्यास. त्यांच्या हाताखाली दुय्यम सरनोबत जिवाजी पानसंबळ. हे हळू बोलत. जिंकले तरी पाणी पिऊन बसत, हरले तरी पाणी पिऊन बसत. यावरून दरबारातील शहाणे, ज्यांनी आयुष्यात चेंडू म्हणून धरिला नाही, ते बोलू लागले की, या गृहस्थाच्या अंगी ईर्षा नाही, रक्त थंड आहे, सरनोबती याचे काम नव्हे. मग त्रिंबकपंतांनी काय करावे? गर्जना शिकविणारे एक गुरुजी पगार देऊन नेमिले. ते जिवाजींस रोज पहाटे टेकडीवर नेत आणि म्हणत, "पोटातून काढा, पोटातून." आणि जिवाजी आज्ञा मानून पोटातून काढीत, आणि गोठ्यात चुकलेल्या वासरास हाक मारावी तितकाच आवाज निघे. मग गुरुजींनी हात टेकले, आणि जिवाजी राखीव बाकावर जाऊन बसले, आणि तीन वर्षे तेथेच बसले. हसणाऱ्यांनी हसून घेतले. आम्हांस मात्र त्या हसणाऱ्यांची चीड येई, आणि अद्याप येते.

मग माघमासी उत्तरेकडील राज्याशी अखेरचा सामना नेमिला गेला. मैदान माणसांनी भरले आणि सामना चुरशीचा चालला, आणि उत्तरार्धात उत्तरेच्या दोघा गड्यांनी भिंत फोडून उदाजींस भुईवर असे आदळिले की उजवा खांदा जागचा हलला. त्यांस बाहेर आणिले, आणि जिवाजी शिरटोप घालीत असता वैद्य तेथेच बोलिले, "खांदा बसवतो, सुन्न करायची सुईही देतो. पण आज पुन्हा चेंडू फेकलात तर हा हात कायमचा गेला समजा." उदाजी बोलिले, "जाऊ द्या हात. सुई द्या." त्रिंबकपंतांनी वैद्यांस खूण केली, आणि वैद्य सुई काढू लागले. जिवाजींनी हे सर्व पाहिले, आणि ते मैदानात गेले.

मग जिवाजींनी हळू आवाजात चढाया सांगितल्या, आणि गडी पुढे सरकत गेले, आणि शत्रूची रेघ दोन हातांवर आली. आता गुणांचा हिशेब ऐसा की आपण तीन गुणांनी मागे, आणि वेळ इतकाच उरला की एक चढाई करावी, सरनोबताने मधोमध गुडघा टेकला की ती तेथेच थांबते, आणि मग लाथ मारावी. लाथ बसली तर बरोबरी, आणि बरोबरी जाहली तर जादा वेळ. रेघ ओलांडण्यास गेले आणि अडविले गेले तर ढीग उपसता उपसता वेळ संपला, लाथही नाही, सर्वस्व गेले. तेव्हां शिरटोपात त्रिंबकपंतांचा आवाज आला, "जिवाजी, चेंडू घ्यायचा, मधोमध गुडघा टेकायचा, आणि बाहेर यायचं. लाथेनं बरोबरी करू. जादा वेळात उदाजीराव येताहेत. तुम्ही फक्त जागा राखायला आहात." जिवाजी कोंडाळ्यात उभे राहिले आणि काहीच बोलिले नाहीत. गडी त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. आवाज पुन्हा आला, "ऐकलंत का? गुडघा टेका." मग वेळ जवळ आली आणि कायद्याप्रमाणे यंत्र मुके जाहले.

मग जिवाजींनी तोंड उघडिले. भिंतीतील मधला गडी जोत्याजी खराडे, जो पायांमधून चेंडू मागे देतो, त्याच्याकडे पाहून बोलिले, "जोत्याजी, चेंडू मी कुणाला देणार नाही. तुझ्या पाठीमागून मीच घुसतो."

जोत्याजी रिवाज मोडून बोलिला, "राव, आणि पंतांचा हुकूम?"

"हुकूम ऐकला. गुडघा टेकणार नाही."

"अडकलो तर?"

"तर माझी सरनोबती गेली. टेकला तर उदाजीदादांचा हात गेला." मग बोलिले, "आणि मला जिंकायचंय, जोत्याजी. तीन वर्षं नुसतं तेवढंच हवंय." हे शब्द त्यांनी इतक्या हळू उच्चारिले की भिंतीच्या पाचांसही पुढे वाकावे लागले. जोत्याजी आम्हांस मागाहून म्हणाला की, उदाजीरावांच्या शिव्या खाऊन अंग तापत असे, पण त्या दिवशी अंगावर काटा आला.

मग भिंत उभी राहिली आणि चेंडू मागे आला आणि जिवाजी डोके खाली घालून जोत्याजीच्या पाठीस लागून घुसले, आणि उत्तरेचे गडी त्यांवर पडले आणि आपले गडी मागून रेटू लागले आणि मोठा ढीग जाहला, आणि कोण कोठे हे कोणास दिसेना. दरबारातील लोक आता म्हणतात की जिवाजींनी तेव्हां सिंहासारखी गर्जना केली आणि गुरुजींचे पैसे फिटले. साफ खोटे. जोत्याजी त्यांच्या अगदी पुढ्यात होता. तो म्हणतो, "आवाज कसला? नुसता रेटत होता माणूस. दात माझ्या पाठीला लागले." पंचांनी एकेक गडी उचलून बाजूस केला, आणि तळाशी जिवाजी, तोंड रक्ताने भरलेले, आणि चेंडू छातीशी, आणि छाती रेघेपलीकडे. फत्ते जाहली.

दुसरे दिवशी दरबार भरला. राज्याचे धनी सरकार गादीवर बसले, बाजूस त्रिंबकपंत, आणि हार तयार ठेविलेले. सरकार बोलिले, "जिवाजीराव, पंतांनी मसलत सांगितली आणि तुम्ही ती पार पाडली, एवढं चारचौघांत सांगा. थोरली सरनोबती आजपासून तुमची." सर्व दरबार कान देऊन ऐकू लागला. त्रिंबकपंतही मान हलवू लागले, जणू उत्तर मिळालेच.

जिवाजी बोलिले, "मसलत गुडघा टेकायची होती. मी टेकला नाही. सरनोबती तुमची आहे, ठेवून घ्या." आणि शिरटोप सरकारांच्या पायाशी ठेवून खाली मान न घालता उभे राहिले.

तेव्हां उदाजी उठले. उजवा हात गळ्यात बांधलेला, चेहरा लाल. दरबारास वाटले की आता यांची जागा यांस परत मिळणार, हे खूश होतील. त्यांनी तोंड सोडिले. त्रिंबकपंतांपासून आरंभ करून गर्जनेच्या गुरुजींपर्यंत कोणास ठेविले नाही, आणि त्यातील बहुतेक शब्द आम्हांस लिहिता येत नाहीत. आणि मग जिवाजींकडे वळून म्हणाले, "आणि तू. माझा सामना खाल्लास तू. सुई दंडात टोचली होती माझ्या, अजून थोडा वेळ पाहिजे होता. तुला कुणी सांगितलं होतं माझा हात वाचवायला?"

"कुणी नाही," जिवाजी बोलिले.

"मग ऐक. हात वाचवलास ना, तर याच हातानं तुझी जागा घेईन. मैदानात घेईन, या गादीवरून नाही." आणि सरकारांकडे वळून बोलिले, "याला काढाल तर मलाही काढा. मला याला हरवायचंय. हा गेला तर हरवू कुणाला? पंतांना?"

हार तबकातच राहिले. उदाजी दरबारातून बाहेर पडले आणि जिवाजी त्यांच्या मागोमाग, आणि रिकाम्या मैदानात जाऊन उदाजींनी डाव्या हाताने चेंडू फेकला. तो भलतीकडेच गेला, आणि जिवाजींनी धावत जाऊन झेलिला. उदाजी ओरडले, "डाव्या हातानंही हरवीन तुला, जिवबा." जिवाजी म्हणाले, "दादा, या, सरळ उभे राहा. कोपर खाली पडतंय." आणि चेंडू परत दिला.

इतके वर्तमान. एक ओरडतो, एक ओरडत नाही, आणि दोघांपैकी कोणाची भूक मोठी हे आम्ही जवळ उभे राहूनही सांगू शकलो नाही. जो कोणी दुरून आवाज मोजून सांगेल तो खोटे बोलतो, मग तो सरकार असो वा पंत. लेखनसीमा.