हळूनाना

धुळ्यात पोलिसांच्या जीपला बैलगाडीनं मागं टाकलेलं मी स्वतः पाहिलंय. जीप चालवत होते आमचे शेजारी, पोलीस ड्रायव्हर नाना. गाडीवानानं बिचाऱ्यानं भीत भीत मागं वळून सलाम ठोकला. नानांनी हातानंच खूण केली : जा बाबा, पुढे जा.

गावानं त्यांचं नाव हळूनाना ठेवलं होतं. फौजदारसाहेब मात्र रोज पेटायचे. एकदा चोरट्या दारूची मोटार डोळ्यांसमोर पळत असताना नानांनी जीप थांबवली. रस्त्यात शेळी बसली होती.

"नाना, हॉर्न वाजवा!"

"बिथरी जाई ती, साहेब. सारा रस्ता तिना शे."

"आणि चोर?"

"आज पळना तर उद्या सापडी. माणूस गया तर कोठून आनवा?"

चोर खरंच दुसऱ्या दिवशी नाक्यावर सापडला. तरी नानांना मेमो मिळालाच. त्याची सुबक पुडी करून, तीत शेंगदाणे भरून नाना घरी आले आणि सगळ्या आळीला वाटत सुटले. त्यांना कशाचंच काही वाटत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढे बहिणीच्या लग्नासाठी तांब्याचा हंडा घ्यायला मी सोनगीरला गेलो. तांबटांच्या आळीत एका दुकानात आबा नावाचे म्हातारे तांबट हंड्यावर ठोके घालत होते आणि मागं घामानं निथळत भाता ओढत होते आमचे नाना! दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते.

मला पाहून नाना दचकले. हाताला धरून बाहेर घेऊन आले.

एके काळी त्यांच्याइतक्या जोरात जीप कुणी हाकत नव्हतं, म्हणाले. याच रस्त्यानं ते एका मोटारीच्या मागं लागले होते.

"साहेबनी सांगं, सोडू नको. मी सोडी नही."

वळणावर पुढच्या मोटारीचा ताबा सुटला आणि ती बाजारात घुसली. आबांची बायको पाण्याचा हंडा घेऊन येत होती. ती जागच्या जागी गेली. चौकशीत सगळा दोष पळणाऱ्याचा निघाला. नानांना कुणी एका शब्दानं बोललं नाही.

"भाता तीच ओढे," नाना म्हणाले.

"तुम्ही कोण, हे आबांना माहीत आहे?"

"पहिलाच दिन सांगी दिधं. कितला येळ देखत राहिनात. मंग म्हने, भाता ओढ. तवापासून शब्द नही."

म्हणून दर सुट्टीला नाना इथं येत होते, आणि घरी वहिनींनाही ठाऊक नव्हतं.

आत ठोके थांबले. आबांनी फडकं सोडलं, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मोडली आणि अर्धी, वर न बघताच, नानांच्या दिशेनं धरली.

"जेवी ले."

नाना उंबऱ्यातच थबकले. त्यांनी दोन्ही हात पँटला पुसले. पुन्हा पुसले. मग ओंजळ पुढे केली.