पाइपाची नाडी

अण्णांना आता एकटं राहू द्यायचं नाही, हे त्यांच्या मुलीनं येतानाच ठरवलं होतं. कमी होतं ते फक्त कारण. सकाळपासून ती घरभर तेच शोधत होती. पण गॅस बंद, औषधं वेळेवर, दूध कधी उतू गेल्याची खूण नाही. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. घरात सुईसुद्धा जागेवर होती.

शेवटी बाथरूममध्ये कारण सापडलं. कपडे धुवायच्या मशीनचा पाणी सोडायचा पाइप बेसिनच्या नळाला चक्क परकराच्या नाडीनं बांधला होता.

"अण्णा, हे काय ध्यान?"

"राहू दे. तुझ्या आईनं बांधलंय."

मुलीनं नाडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अहो, पण बघणारा काय म्हणेल?"

"बाथरूममध्ये बघणारा कशाला येतोय?" म्हणत अण्णा पिशवी घेऊन भाजीला गेले.

गाठ सुटता सुटेना. शेवटी तिनं दात लावले. नाडीची नीट घडी केली, पाइप बेसिनच्या काठावर झोकात अडकवला, मशीन सुरू केलं आणि खोलीत येऊन भावाला फोन लावला. अण्णा किती वेंधळे झालेत, हा विषय तसा मोठाच होता.

मशीननं पाणी सोडलं, तशी त्या जोरानं पाइपानं काठावरून खाली उडी घेतली. साबणाचं पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये आलं, पॅसेजमधून खोलीत. "त्यांना कशाचं भानच राहत नाही रे," असं ती म्हणत होती, तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते.

तिनं धावत जाऊन मशीन बंद केलं, हाताला येईल तो टॉवेल जमिनीवर टाकला. तेवढ्यात दारात अण्णा आणि त्यांच्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या काकू. काकूंच्या केसांवर फेस होता.

"अहो, आमच्या पंख्यावरून धार लागलीय!"

अण्णांनी लोंबणारा पाइप पाहिला, घडी केलेली नाडी पाहिली, लेकीचा चेहरा पाहिला.

"चुकलं वहिनी. पाइप मीच नीट लावला नाही."

"तरी मी म्हणते, या वयात एकटं राहू नये! लेकीकडे जा बरं सरळ."

सकाळपासून हवं होतं ते वाक्य आयतं मिळालं होतं, तेही साक्षीदाराच्या तोंडून. मुलीनं टॉवेल पिळला. पुन्हा पिळला. त्यात आता थेंबही उरला नव्हता.

"काकू, ते मी केलं. अण्णा घरातही नव्हते."

काकूंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अण्णांकडे वळून आवाज खाली आणला. "तिकडे ही एकटीच राहते ना हो?"

"तोच तर घोर आहे," अण्णांनी सुस्कारा सोडला. "इथे ये म्हणतो, पण ऐकेल तर शपथ."