मूर्तिकाकांचा छोटासा ब्रेक

मुलाखत दिल्याशिवाय मूर्तिकाकांच्या दारातून कुणी सुटत नाही. परवा आमची मासेवाली जशोदामावशी टोपली उतरवून टेकली, तर हे समोर खुर्ची टाकून विचारतात, "मावशी, आयुष्यात विकलेलं पहिलं पापलेट आठवतं?"

मावशी म्हणाली, "काका, माजा बरफ वितळतोय. घ्यायचं तर घ्या, नायतर टोपली उचलू लागा."

काकांनी गंभीरपणे मान हलवली, नसलेल्या प्रेक्षकांकडे एक नजर टाकली आणि पुढचा प्रश्न काढला.

काका मूळचे तमिळ सिनेमातले नट. इन्स्पेक्टर, पुजारी, नायिकेचा बाप, एकदा तर भूतही झालेत. सिनेमे लिहिले, मग टीव्हीवर मुलाखतींचा कार्यक्रम केला. भांडलेली घरं समोरासमोर बसवायची आणि बोलतं करायचं. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की काका हात वर करून "छोटासा ब्रेक!" म्हणायचे आणि तो डोळे पुसेपर्यंत कॅमेरा बंद ठेवायचे. टीव्हीवाल्यांना तर तेच पाणी हवं होतं. त्यांनी कार्यक्रमच दुसऱ्याला दिला. पुढे काकांच्या मुलीची, कविताची, रेल्वेत डहाणू रोडला बदली झाली आणि तिच्या सामानासोबत काका आमच्या शेजारी येऊन पडले.

ब्रेकची सवय मात्र गेली नाही. टाकीच्या गळतीवरून माझं आणि सेक्रेटरी जयेशभाईंचं जिन्यात जुंपलं, तेव्हा काकांनी आम्हाला समोरासमोर पायरीवर बसवलं. जयेशभाईंना विचारलं, "लहानपणी तुम्हाला पाण्याची भीती वाटायची का?" मी माझा हुकमी मुद्दा काढणार, इतक्यात हात वर. "छोटासा ब्रेक!" फिल्टर कॉफी आली. ती पिऊन होईपर्यंत मी मुद्दा विसरले. टाकी अजून गळते आहे.

हेही एक वेळ चाललं असतं. पण चिकूचा हंगाम आला की काकांना दर रविवारी तलासरीला जायचं असतं आणि स्कूटर माझ्याकडे आहे. आधी वाडीत जायचं. तिथे हे एकेक चिकू हातात घेऊन, नखाने खरवडून, उन्हात धरून बघणार. वाडीवाला वैतागतो, मी वैतागते. मग मागे बसलेल्या काकांच्या मांडीवर खोकं, हायवेला ट्रकची गर्दी आणि माझ्या कानाशी प्रश्न, "टीचर, गणित शिकवणाऱ्यांना स्वप्नं कसली पडतात?"

तलासरीच्या ढाब्यावर तमिळनाडूचे ट्रक थांबतात. तिथे ड्रायव्हर काकांना ओळखतात, पाया पडतात, जुने डायलॉग म्हणायला लावतात. एवढ्या कौतुकासाठी आठवड्याची एकुलती एक सुट्टी मी का घालवायची? एकदा कविताला तोंडावरच विचारलं.

ती म्हणाली, "ते कौतुकासाठी जात नाहीत, ताई. चिकू थोरल्या काकांना पाठवतात, गावी."

काकांनी लिहिलेल्या एका सिनेमात एक कवडीचुंबक थोरला भाऊ होता. तो कुणावरून घेतला हे गावाला सांगावं लागलं नाही. अख्खं थिएटर हसलं. भाऊ मध्यंतरातच उठून घरी गेला आणि त्यानंतर काकांशी एक शब्द बोलला नाही. फोन उचलत नाही, दार उघडत नाही. सेल्वम नावाचा ड्रायव्हर त्याच गावचा. तो दर वेळी खोकं घेऊन जातो, भाऊ ते दारातूनच परत करतो, आणि ड्रायव्हर मंडळी चिकू खातात. सगळ्या राज्याची भांडणं मिटवलेल्या माणसाचं स्वतःच्या भावापुढे काही चालत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. स्कूटर नेताना कुरकुर मात्र मी चालूच ठेवली.

गेल्या रविवारी ढाब्यावर पोचलो, तर सेल्वम आमचीच वाट बघत होता. धावत आला आणि काकांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. काका खोकं छातीशी धरून तसेच उभे राहिले. प्रश्न नाही, डायलॉग नाही. मी घाबरले.

"क्या हुआ, सेल्वम? बडा भाई ठीक है ना?"

"ठीक है, मॅडम. इस बार बॉक्स रख लिया. मेरे सामने एक चिकू खाया, फिर थूक दिया. बोला, कच्चा है. बोला, उसको फल चुनना अभी भी नहीं आता."

मला रागच आला. एवढं उन्हातान्हात निवडून पाठवायचं आणि वर हे ऐकायचं! "काका, तांदळात ठेवून पिकवायचे, हे त्यांना कळत नाही का?"

"कळतं, टीचर," काका म्हणाले. "मीच सांगून पाठवतो दर वेळी." मग हातातलं खोकं जवळच्या बाजेवर ठेवलं. "पिकेपर्यंत थांबलासुद्धा नाही तो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आजूबाजूच्या बाजांवरचे ड्रायव्हर चहा सोडून आपल्या नटाकडे बघायला लागले होते. मी त्यांच्या आणि काकांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि हात वर केला.

"छोटासा ब्रेक!" मी म्हटलं, आणि काकांचे डोळे पुसून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.