गाळलेला लिमोस

अँथिमोस पाद्रीबाबांनी प्रार्थनेतला एक शब्द गाळला, आणि तो नेमका कोणता हे गावात कुणालाच कळलं नाही.

ऑगस्टमधल्या माउलीच्या सणाची ती सांजप्रार्थना. वेदीपुढे पाच गोड पाव ठेवलेले, त्यांच्या बडीशेपेचा आणि धुपाचा वास एकमेकांत मिसळून सगळ्या देवळाला पेंग आणत होता. "आम्हाला लिमोसपासून, लिमोसपासून, भूकंपापासून, आगीपासून वाचव," असं दरवर्षी म्हणायचं. ग्रीकमध्ये त्यातला एक लिमोस म्हणजे साथीचा रोग आणि दुसरा म्हणजे दुष्काळ. रोगाच्या लिमोसमध्ये लिहिताना एक 'ओ' जास्त. फार पूर्वी तो 'ओ' ऐकूही यायचा म्हणे. पण शतकं लोटली, जिभा आळसावल्या, आणि दोन्ही शब्द एकच झाले.

त्या संध्याकाळी लिमोस एकदाच आला आणि लगेच भूकंप. पुढच्या खुर्चीत बसलेल्या एव्हान्थियाबाई, जिना उतरताना पायरी चुकावी तशा दचकल्या. चाळीस वर्षं त्यांनी या बेटाला शुद्धलेखन शिकवलं होतं. प्रार्थना संपताच त्यांनी अंगणात पाद्रीबाबांना गाठलं.

"एक शब्द खाल्लात तुम्ही!"

"खाल्ला, बाई." पाद्रीबाबा येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. दाढीसुद्धा अजून विरळच होती. "आर्गिरो आजी म्हणाल्या, उपासमारीचं नाव दोन-दोनदा कशाला घेतोस? युद्धातल्या त्या हिवाळ्यात त्यांची दोन मुलं..."

"ठाऊक आहे मला. गाळलात कोणता? दुष्काळ की रोग?"

"दुसरा."

"दुसरा म्हणजे? जुन्या पोथीत आधी रोग आहे, नव्या पोथीत आधी दुष्काळ."

"मी तोंडपाठ म्हणतो, बाई."

"मग म्हणताना मनात काय होतं?"

पाद्रीबाबा कानापर्यंत लाल झाले. "आर्गिरो आजींचा चेहरा."

नेमका तेव्हा स्तामातिस बेकरीवाला रिकामं ताट न्यायला आला होता. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट पावापेक्षा लवकर फुगायची. तासाभरात गावाचे दोन तट पडले. वरच्या आळीचं म्हणणं, दुष्काळ गाळला, म्हणजे आता दुष्काळाला रान मोकळं. खालच्या आळीचं म्हणणं, रोग गाळला. सकाळी उत्तरेचा वारा सुटला, पिठाची बोट आलीच नाही, तेव्हा वरची आळी बेकरीपुढे रांगेत उभी राहिली. पिठाच्या धुळीने स्तामातिसला खोकला आला, तेव्हा खालच्या आळीने दारं लावून घेतली. पण त्याआधी त्यांनीही पाव नेलेच.

दुपारी चौकातल्या कॉफीच्या दुकानात बाईंना मध्ये बसवलं गेलं.

"बाई, निकाल तुम्हीच द्या," स्तामातिस म्हणाला. "शिकलेल्या कानाला तो 'ओ' ऐकू येतो, असं तुम्हीच आम्हाला सांगत होतात. मला त्यापायी कोपऱ्यात उभं केलंत."

"येतोच ऐकू." बाईंनी कॉफीचा घोट घेतला. खरं तर त्या प्रार्थनेत त्यांचा डोळा लागला होता; ओळीची लय चुकली तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या, एवढंच. पण समोर सगळे जुने विद्यार्थी, सगळ्यांची तोंडं उघडी. "दुष्काळ स्वच्छ म्हटला गेला. गळला तो रोग. तेव्हा हात धुवा आणि पावासाठी धावपळ करू नका. लाज वाटली पाहिजे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या, बाईंच्या विद्वत्तेचं कौतुक केलं आणि उठून थेट बेकरी गाठली. संध्याकाळपर्यंत पिठाचं शेवटचं पोतंही झटकून झालं. बाईंनी मात्र शब्दाला जागायचं म्हणून एकही पाव घेतला नाही.

वारा चार दिवस थांबला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरातले टोमॅटो संपले, तिसऱ्या दिवशी अंजिरं. चौथ्या दिवशी निळ्या झडपा लावून त्या पडून राहिल्या. फटींतून उन्हाच्या रेघा छतावर हलत होत्या, खाली समुद्र कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा आवाज करत होता. छतावरून एक 'ओ' हळूहळू तरंगत खाली आला. गोल, खरपूस, वर तीळ लावलेला. बाईंनी हात पुढे केला. तो हसून वर गेला.

तेवढ्यात दार वाजलं. आर्गिरो टोपली घेऊन उभी होती. टोपलीत पाव, चीज, मूठभर ऑलिव्ह.

"बाई, काय खाल्लंत आज?"

"भूक नाही गं मला."

बाईंचं पोट दारापर्यंत ऐकू जाईल असं गुरगुरलं.

"हा कोणता लिमोस म्हणायचा? 'ओ'चा की बिनओचा?" आर्गिरोने विचारलं.

बाई खाली बसल्या. "आर्गिरो, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी झोपले होते."

"माहितीये मला. शेजारीच होते मी. घोरत होतात तुम्ही."

"मग चौकात बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं पोरं शिकवलीत. त्यांच्यासमोर तुमचा कान धरू?" आर्गिरोने पाव मोडून त्यांच्या हातात दिला. "खा आधी. माझ्यासमोर उपाशी बसू नका कुणी. मला बघवत नाही ते."

बाई खाऊ लागल्या. आधी सावकाश, मग मान खाली घालून. इतक्यात अँथिमोस पाद्री उंबऱ्याशी येऊन घुटमळले.

"बाई, रविवारचं विचारायला आलो होतो. एकदा म्हणू की दोनदा?"

उत्तर आर्गिरोने दिलं. "दोनदाच म्हण, बाळा. गाव उगाच भ्यायला नको. फक्त पहिला म्हटलास की जरा थांबत जा. माझी पोरं आठवून होईपर्यंत."

"थांबेन," पाद्रीबाबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "पण पहिला कोणता धरायचा?"

या प्रश्नावर एव्हान्थियाबाई दोन पोथ्यांच्या आधाराने तासभर बोलू शकल्या असत्या. पण त्यांच्या तोंडात पाव होता. त्यांनी टोपली पुढे सरकवली आणि पाद्रीबाबांना हातानेच बसायची खूण केली.