छायाचित्र : प्रशिक गजभिये

सोमवारी सकाळी प्रीती डब्यात भेंडीची भाजी भरत होती, तेव्हा प्रशिक गजभियेच्या मोबाइलवर एका मित्राचा संदेश आला. "हुडकेश्वरच्या चौकात तुझा फोटो लागला," एवढाच मजकूर आणि खाली एका फ्लेक्सचं चित्र. प्रशिकनं ते चित्र बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं, सरकवत सरकवत उजव्या कोपऱ्यात नेलं आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की प्रीती चमचा हातात धरून तशीच थांबली.

"काय झालं? कोणी गेलं काय?"

"नाव कापलं," प्रशिक म्हणाला.

"कोणाचं?"

"माह्यं. आणखी कोणाचं कापतेत लोकं?"

प्रशिकचा हा राग समजून घ्यायचा तर त्याचे रविवार ठाऊक हवेत. एरवी तो जरीपटक्यात राहणारा आणि एका विमा कार्यालयात लोकांचे दावे तपासणारा साधा माणूस. पण रविवारी पहाटे साडेचारला तो उठायचा, कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि स्कूटरनं कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत जायचा. सुटीच्या दिवशी तिथले रस्ते मोकळे असतात, म्हणून हौशी सायकलवाल्यांच्या शर्यती तिथेच भरतात. डॉक्टर, मास्तर, पेन्शनर, कॉलेजातल्या मुली, सगळे घट्ट चड्ड्या घालून जीव तोडून पॅडल मारतात आणि प्रशिक रस्त्याच्या कडेला पालथा पडून त्यांचे फोटो काढतो. त्याला कोणी बोलावलेलं नव्हतं. एकदा तर तो नेमका मुंग्यांच्या वारुळावर पालथा पडला होता आणि तरीही शेवटची सायकल जाईपर्यंत हलला नव्हता.

हे सगळे फोटो तो फुकट वाटायचा. मोबदल्यात त्याला एकच गोष्ट हवी असायची. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'छायाचित्र : प्रशिक गजभिये' असं लिहिलेलं असायचं, ते तेवढं राहू द्यावं. तीन वर्षांत ते कोणी राहू दिलं नव्हतं. एकानं त्यावर गुलाबाचं फूल चिकटवून 'शुभ सकाळ' लिहिलं. एका दातांच्या डॉक्टरनं स्वतःचा चेहरा मधोमध यावा म्हणून तेवढाच कोपरा छाटला. आणि आता तर थेट भर चौकात, वीस फुटांच्या फ्लेक्सवर. असा अन्याय निमूटपणे सहन करणाऱ्याला लोक सज्जन म्हणतात, पण मनातून बावळट समजतात, असं प्रशिकचं ठाम मत होतं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

जरीपटका ते हुडकेश्वर म्हणजे अख्खं नागपूर ओलांडणं आलं. एवढ्या अंतरात दुसऱ्या कोणाचा राग उतरला असता. प्रशिकचा प्रत्येक सिग्नलला वाढत गेला.

फ्लेक्सवर सायकलस्वार होते चंपतराव भोयर, वय चौसष्ट, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांच्याइतकाच मोठा फोटो त्यांच्या पुतण्याचा, आयुषचा होता. हात जोडलेले, गॉगल कपाळावर, खाली 'शुभेच्छुक'. आयुषला नगरसेवक व्हायचं होतं आणि निवडणूक येईपर्यंत तो मिळेल त्याचं अभिनंदन करत सुटला होता. प्रशिक पत्ता विचारत विचारत भोयरांच्या घरी पोचला. आयुष अंगणातच होता. चंपतराव बनियनवर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या मागच्या खिळ्याला झेंडूचा हार लटकत होता.

"हा फोटो कोणी काढला?" प्रशिकनं मोबाइल पुढे धरून विचारलं.

"फ्लेक्सवाल्यानं," आयुष म्हणाला.

"त्यानं छापला. काढला मी. पालथा पडून काढला."

"मंग त मस्तच काढला भाऊ. बसा ना. चहा मांडाले सांगू?"

"चहा नाई पायजे. नाव पायजे."

चंपतराव खुर्चीत जरा पुढे सरकले. "भाऊ, मले एक सांगाचं होतं. त्या फोटोत ना..."

"काका, तुमचा काही दोष नाई," प्रशिकनं त्यांना हातानं थांबवलं. "तुमी सायकल चालवली, तुमचं काम झालं. आता बोलणं माह्यं अन् याइचं आहे."

"पण आयुष, ऐक ना गा, मी तिथं..."

"काका, तुमी पाय लांब करून बसा," आयुष म्हणाला. "दुखून राहिले असतीन."

आतून रुखमाबाई पेलाभर बदामाचं दूध घेऊन आल्या आणि त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिलं. "बत्तीस वर्षं याइच्या सायकलीले मी भंगार म्हणत होती," त्या प्रशिकला म्हणाल्या. "काल सारी गल्ली हार घेऊन आली, तवा समजलं." चंपतरावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, त्यात दूध गेलं.

आयुष माणूस मोठ्या मनाचा निघाला. नावाचंच ना, मग टाकू की, असं म्हणून त्यानं कागद-पेन पुढे केलं. काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, नवा फ्लेक्स छापून लावतो. प्रशिकला असा मान कधी मिळाला नव्हता. त्यानं पेन घेतलं आणि पंधरा वर्षं ऑफिसात जे लिहीत आला होता, तेच हातातून उतरलं. 'सदर छायाचित्र शर्यतीच्या अंतिम रेषेवर स्वतः हजर राहून काढलेले असून ते खरे व मूळ आहे, असे प्रमाणित करण्यात येते. छायाचित्र : प्रशिक गजभिये.' खाली त्यानं मोबाइल नंबर लिहिला आणि सवयीनं सही केली.

"हे तर लयच वजनदार झालं," आयुष म्हणाला. त्यानं सहीसकट सगळं छापायला पाठवलं.

बुधवारी संध्याकाळी नवा फ्लेक्स लागल्याचं कळलं तसा प्रशिक प्रीतीला स्कूटरवर बसवून हुडकेश्वरला घेऊन गेला. फ्लेक्सच्या तळाशी त्याचं नाव वीतभर उंचीच्या अक्षरांत होतं. तो डोळे भरून बघत राहिला. प्रीतीला मात्र कुठलीही गोष्ट पहिल्यापासून वाचायची सवय होती. ती मोठ्यानं वाचू लागली.

"'कळमेश्वर येथील खुल्या सायकल शर्यतीत प्रथम क्रमांक पटकावल्याबद्दल श्री. चंपतराव भोयर यांचे हार्दिक अभिनंदन.' अहो, हे काका पहिले आले होते?"

"नाई," प्रशिक म्हणाला, "ते तर..." आणि त्याची नजर तळातून वर, फोटोवर गेली.

शर्यत पाच फेऱ्यांची होती. गुंजन पराते नावाच्या मुलीनं पाचवी फेरी पुरी करून ती जिंकली. चंपतराव तेव्हा चौथी संपवत होते. म्हणजे ते एक अख्खी फेरी मागे होते, आणि नेमके त्यामुळेच गुंजनच्या चार हात पुढे होते. सायकलच्या शर्यतीत हे नेहमी घडतं, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळतं. फोटोला कळत नाही. फोटोत अंतिम रेषेवर सगळ्यांत पुढे चंपतराव, एक हात हवेत, आणि मागे धुरकट झालेली कोणीतरी मुलगी.

"तुमी ऑफिसात दावे तपासता ना?" प्रीतीनं विचारलं.

"मी वरचं वाचलंच नाई."

"काहून?"

"मी कोपरा पाहून राहिलो होतो."

नवऱ्याला बोलायचं तर घरी, ही प्रीतीची शिस्त होती. पण तेवढ्यात प्रशिकचा मोबाइल वाजला.

"मी गुंजन पराते," पलीकडून आवाज आला. "नंबर फ्लेक्सवरून घेतला. तुमी प्रमाणित केलं म्हणे?"

"ताई, त्याचं असं झालं..."

"माझी आत्या हुडकेश्वरले राहते. तिनं सोमवारीच आमच्या घरी फ्लेक्सचा फोटो पाठवला. माझे बाबा तीन दिवसांपासून माझ्याकडे पाहून नुसते मान हालवून राहिले. त्याइले वाटते मी कप विकत आणला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुंजन कापडी पिशवीत कप घेऊन भोयरांच्या अंगणात हजर झाली. प्रशिक आधीच आला होता आणि आयुषशी त्याची जुंपली होती.

"तुमी मोठे गमतीचे आहे राजेहो," आयुष म्हणत होता. "सोमवारी नाव टाका म्हणून भांडले, आज काढा म्हणून भांडून राहिले. सही तुमचीच आहे ना?"

"सही फोटोसाठी केली. वरच्या मजकुरासाठी नाई केली."

"असं कुठी असते? सही खाली असते अन् मजकूर वरच असते."

"काकाले तरी विचारा," गुंजन म्हणाली.

आयुषनं पहिल्यांदाच काकांकडे पाहिलं. चंपतरावांनी एक लांब श्वास सोडला. "मी रविवारपासून हेच सांगून राहिलो. माह्यी एक चक्कर बाकी होती. ही पोरगी मागून आली, म्हणून मी हात वर करून म्हटलं, जा वं माय समोर. तेवढ्यात या भाऊनं फोटो मारला. तो फोटो मोबाइलवर माह्याआधी घरी पोचला, मी आलो तर दारात हार. सांगाले गेलो तर कोणी दूध पाजते, कोणी पाय दाबते."

"मंग दूध काहून पेले?" आतून रुखमाबाईंनी विचारलं.

"तू पहिल्यांदा आणलं होतं," चंपतराव हळूच म्हणाले.

मग आयुषनं भावी नगरसेवकाला शोभेल असा निर्णय दिला. चूक झाली असेल तर दुरुस्त करू, पण चूक आपल्या काकांची नाही आणि शुभेच्छुकाची तर नाहीच. काका फोटोत पुढे आहेत हे कोणीही पाहावं. म्हणजे चूक फोटोची आहे.

प्रशिकनं संतापून मोबाइलवरचा तोच फोटो आयुषच्या नाकासमोर धरला. "फोटोची चूक? फोटोत जे आहे ते घडलं. हात वर होता, वर दिसते. पुढे होते, पुढे दिसते. मी कुणाले हार घाला म्हटलं नाई. मी फक्त नाव मागितलं, जे माह्यं आहे, जे तुमी कापलं, जे तीन वर्षांपासून जो तो कापून राहिला."

"ठीक आहे ना दादा," गुंजन म्हणाली. "मग माझा फोटो द्या. रेषेवरचा. तो लावतील हे."

हे अगदी रास्त होतं. प्रशिकनं बॅगेतून कॅमेरा काढला. रविवारचे चारशे बारा फोटो होते. तो एकेक पुढे ढकलू लागला आणि गुंजन त्याच्या खांद्यावरून पाहू लागली. चंपतराव डावीकडून, चंपतराव उजवीकडून, चंपतरावांच्या कपाळावरचा घाम, चंपतरावांची मिशी. रेषेवरच्या अकरा फोटोंत गुंजन होती, पण कुठे तिचं कोपर होतं, कुठे हेल्मेट, कुठे मागचं चाक.

"म्हणजे जी जिंकली तिचा एकही फोटो नाई?" गुंजननं शांतपणे विचारलं.

"उजेड काकांच्या चेहऱ्यावर पडला होता," प्रशिक म्हणाला. "चेहरा लय बोलका आहे त्याइचा."

कधी नव्हे ते बोलताना त्याची नजर खाली गेली. दाव्याच्या कागदात एक तारीख चुकली तर तो अर्ज परत पाठवायचा. इथे शर्यतच त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेली होती, आणि तो मिशीवर फोकस करत बसला होता. गुंजननं कप पुन्हा पिशवीत घातला आणि आयुषला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. आयुषनं मान डोलावली. आता फ्लेक्स बरोबरच लागेल, तुम्ही निश्चिंत जा, असं त्यानं प्रशिकला सांगितलं.

शनिवारी प्रशिक एकटाच हुडकेश्वरला गेला. चंपतराव उतरले होते. त्यांच्या जागी गुंजन होती. घरातल्या फ्रिजसमोर कप धरून उभी, फोटो बहुधा वडिलांनी मोबाइलवर काढलेला, कारण तो तिरपा होता आणि एका बाजूला त्यांचं बोट आलं होतं. प्रथम क्रमांक, हार्दिक अभिनंदन, सगळं यथास्थित. आयुष जागचा हलला नव्हता. आणि तळाशी, गुंजनच्या नावापेक्षाही ठसठशीत लाल अक्षरांत, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत एकच ओळ होती.

'विशेष सूचना : हे छायाचित्र प्रशिक गजभिये यांनी काढलेले नाही, त्यामुळे खरे आहे.'

प्रशिकनं ओळ पहिल्यापासून वाचली. मग पुन्हा वाचली. त्याच्या मस्तकात सणक गेली. कोणाकडे जावं आणि काय मागावं, याचा तो विचार करू लागला. नाव काढा म्हणावं, तर ते एकदा म्हणून झालं होतं. नाव ठेवा म्हणावं, तर ते होतंच.

शेजारच्या पानठेल्यावर एक गृहस्थ तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होण्याची वाट बघत उभे होते. त्यांनीही फ्लेक्स वाचला आणि कौतुकानं मान हलवली.

"भाऊ, कोण आहे हा प्रशिक गजभिये?" त्यांनी विचारलं. "मोठा माणूस दिसते. फोटो नाई काढला तरी नाव लागते त्याचं."

"असन कोणी," प्रशिक म्हणाला आणि त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं.